विश्लेषण : नोटरी होण्याचा अर्ज नेमका कुठे अडतो?

नांदेड, लातूरमधील वकिलांनी अर्जापूर्वी काय तपासावे? दाखला, तालुका आणि सह्यांबाबतचे नियम काय सांगतात?

भाडेकरार, मुखत्यारपत्र, प्रवेशासाठी लागणारे शिक्षणातील खंडाचे शपथपत्र... लातूरला शिकवणीसाठी मुलाला ठेवणाऱ्या पालकापासून उदगीर, देगलूरच्या व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाला कधी ना कधी नोटरीचा शिक्का लागतो. त्यामुळे वकिलीची दहा वर्षे पूर्ण झाली की नोटरीसाठी अर्ज करण्याचा विचार अनेक वकील करतात. मात्र दहा वर्षे ही केवळ पहिली पायरी आहे. या भागाला आणखी एका नोटरीची गरज आहे का आणि त्यासाठी हीच व्यक्ती योग्य आहे का, हे दोन प्रश्न त्यानंतर येतात. अर्ज भरताना नेमके तिकडेच दुर्लक्ष होते.

नियुक्ती कोण करते?

नोटरी अधिनियम, १९५२ नुसार केंद्र आणि राज्य अशी दोन्ही सरकारे नोटरी नेमू शकतात. केंद्राचे काम विधी कार्य विभाग पाहतो, तर राज्याचे विधी व न्याय विभाग. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत. एकीकडे केलेला अर्ज दुसरीकडे ग्राह्य धरला जाईल, असे समजू नये. प्रत्येक राज्यात किती नोटरी असावेत, याची कमाल मर्यादाही नियमांच्या अनुसूचीत ठरवून दिलेली आहे.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रात १४ हजारांहून अधिक नोटरींची निवड जाहीर केली. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये नोटरी पोर्टल सुरू झाले. अर्ज, पात्रतेची पडताळणी, प्रमाणपत्र, नूतनीकरण आणि कार्यक्षेत्रातील बदल या बाबी या पोर्टलवर आणण्यात आल्या. एवढ्या मोठ्या संख्येने नोटरी आल्यामुळे ‘आमच्या भागात नोटरी कमी आहेत’ हे आता नुसते म्हणून भागणार नाही, ते दाखवून द्यावे लागेल.

पात्रतेची वर्षे कशी मोजायची?

नोटरी नियम, १९५६ मधील नियम ३ नुसार खुल्या प्रवर्गातील पुरुष वकिलाला किमान १० वर्षांची वकिली आवश्यक आहे. महिला तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गातील वकिलांना ७ वर्षे पुरतात.

ही वर्षे ‘वकिली केल्याची’ आहेत, केवळ सनद मिळाल्यापासूनची नाहीत. मध्यंतरी पूर्णवेळ नोकरी धरून सनद स्थगित ठेवली असेल, तर तो काळ वजा करूनच हिशेब करावा. २००९-१० नंतर पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. त्यांनी ती उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

दाखल्याची गफलत कुठे होते?

मराठवाड्यात हा मुद्दा कळीचा आहे. राज्यातील प्रवर्ग आणि केंद्राची यादी एकसारखी नाही. बंजारा समाज राज्यात विमुक्त जातींमध्ये मोडतो, तर केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात. त्यामुळे केंद्राकडे अर्ज करताना केंद्राच्या नमुन्यातील इतर मागासवर्गाचा दाखला काढून ठेवणे श्रेयस्कर. मराठा समाजासाठी राज्याने २०२४ मध्ये केलेल्या ‘एसईबीसी’ प्रवर्गाचा नियम ३ मध्ये उल्लेख नाही. तेव्हा या दाखल्यावर सात वर्षांची सवलत गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. कुणबी नोंदीवरून इतर मागासवर्गाचा दाखला मिळालेल्यांची गोष्ट वेगळी.

तालुका कोणता निवडावा?

नांदेड जिल्ह्यात १६, तर लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. शहरात स्पर्धा जास्त म्हणून राहायचे नांदेडला आणि अर्ज करायचा माहूर किंवा हिमायतनगरसाठी, असा मोह होऊ शकतो. नियम ७ मात्र आधी हेच विचारतो, की अर्जदार सामान्यतः त्या भागात राहतो का? त्यानंतर पुढील बाबी पाहिल्या जातात :

• त्या भागाचे व्यापारी महत्त्व आणि तिथे सध्या असलेले नोटरी
• अर्जदाराचे व्यापारविषयक कायद्यांचे ज्ञान व अनुभव
• त्याच्या वकिलीची व्याप्ती
• त्याच्याविरुद्ध आलेल्या हरकती
• तो वकिलांच्या फर्ममध्ये असेल, तर तिथे आधीच असलेले नोटरी

म्हणून जिथे घर आणि काम दोन्ही आहे, तोच तालुका निवडलेला बरा. आधार, मतदार ओळखपत्र आणि सनदेवरचा पत्ता वेगवेगळा असेल, तर तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा. धर्माबाद, उदगीरसारख्या बाजारपेठेच्या गावातील वकिलांनी बँका, बाजार समिती, व्यापारी यांच्यासाठी केलेल्या कामाचा तपशील तयार ठेवावा.

सह्या कोणाच्या लागतात?

नियमांनुसार वकिलाच्या अर्जावर दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या प्रतिस्वाक्षऱ्या असाव्या लागतात. येथे बारीक चुका होतात. खासगी किंवा सहकारी बँकेचा व्यवस्थापक चालत नाही. दोन्ही रहिवासी, ज्या भागासाठी अर्ज आहे तिथलेच हवेत. सह्या मिळायला वेळ लागतो, म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर हे काम ठेवू नये.

अर्ज फेटाळला तर?

एकदा अर्ज फेटाळला गेला आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा केला, तर तोही फेटाळला जातो. अपुरी वर्षे असताना ‘टाकून तर बघू’ म्हणून केलेला अर्ज असा अंगलट येतो. दरम्यान भरतीची मुदत संपली, तर पुढच्या संधीची वाट पाहावी लागते. पैसे देऊन यादीत नाव लावून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला या प्रक्रियेत कुठेही स्थान नाही.

निवड झाली म्हणजे काम संपले?

नाही. निवडयादीत नाव आले तरी व्यवसायाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत शिक्का मारता येत नाही. त्याआधी नोटरी म्हणून काम करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि नूतनीकरणाचा अर्ज ते संपण्याच्या सहा महिने आधी करावा लागतो. प्रत्येक कामाची नोंदवहीत नोंद आणि वर्षाचे विवरणपत्र ही नोटरीची जबाबदारी आहे. विवाह किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार नोटरीला नाही, असे केंद्राने २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे.

नोटरीचा शिक्का पाहून बँक कर्ज देते, महाविद्यालय प्रवेश देते, खरेदीदार पैसे मोजतो. हा विश्वास ज्याच्या हाती द्यायचा, त्याचा स्वतःचाच अर्ज आधी निर्दोष असावा, ही अपेक्षा त्यामुळे गैर नाही.