पोटातले पाणी कमी झाले म्हणतात तेव्हा



वस्तीत फिरताना अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते, "सुनेच्या पोटातले पाणी कमी झाले आहे." आठवा-नववा महिना असतो, सोनोग्राफीचा कागद इंग्रजीत असतो आणि घरात एकच धावपळ उडते. सासू म्हणते, हिने पाणीच प्यायले नाही. शेजारीण म्हणते, शहाळी पाजा. नवरा पैशाच्या विवंचनेत पडतो. जिच्या पोटात बाळ आहे ती मात्र आपलेच काही चुकले असे समजून कोपऱ्यात बसते. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. परंतु या विषयात गैरसमज फार आणि माहिती थोडी, म्हणून आज याविषयी लिहीत आहे.

गर्भाशयात बाळ ज्या पाण्यात असते ते गर्भजल. त्यामुळे बाळाला धक्का लागत नाही, नाळ दाबली जात नाही, हातपाय हलवायला जागा मिळते आणि फुप्फुसांची वाढ होते. पाचव्या महिन्यानंतर हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. बाळ ते गिळते, पुन्हा लघवी करते, असे चक्र चालू असते. आठव्या महिन्याच्या सुमारास ते साधारण पाऊण ते एक लिटर असते आणि दिवस भरत येतात तसे थोडे कमी होत जाते. म्हणजे शेवटी थोडे कमी होणे हा निसर्गाचा क्रम आहे.

सोनोग्राफीत पोटाचे चार भाग करून प्रत्येक भागातील पाण्याची खोली मोजतात आणि बेरीज करतात. कागदावर 'एएफआय' म्हणून जो आकडा येतो तो हाच. तो ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आला तर पाणी कमी समजतात. ५ ते ८ हा काठावरचा आकडा. त्यात लक्ष ठेवायचे असते, रडायचे नसते. काही डॉक्टर सर्वांत खोल एकाच जागेचे माप घेतात. ते २ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावे. मोजणाऱ्याचा हात आणि बाळाची स्थिती बदलली की आकडा थोडा बदलतो. म्हणून एका कागदावरून घाबरू नये, आणि तो कागद कपाटातही ठेवून देऊ नये.

पाणी कमी होण्याची कारणे अनेक आहेत. पाणमोट फुटून थेंब थेंब पाणी जात असेल, आईचा रक्तदाब वाढला असेल, वारेतून बाळाला पुरेसे रक्त मिळत नसेल, दिवस उलटून गेले असतील. क्वचित बाळाच्या मूत्रपिंडात दोष असतो. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनीही पाचव्या महिन्यानंतर गर्भजल कमी होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. मिश्री आणि तंबाखू बंद करा, त्यांनी बाळाचे वजन कमी भरते. या कारणांमध्ये सुनेचा आळस किंवा पायगुण कुठेच नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता पाणी पिण्याविषयी. आईच्या शरीरात पाणी कमी असेल तर भरपूर पाणी प्यायल्याने गर्भजल थोडे वाढते, हे तपासण्यांतून दिसून आले आहे. त्यासाठी महाग शहाळी लागत नाहीत, उकळून गार केलेले साधे पाणी चालते. तोंडाने पिता येत असेल तर सलाईनच्या बाटल्यांवर पैसे घालण्याआधी कारण विचारा. मात्र पाणमोट फुटली असेल किंवा वारेत दोष असेल तर पाणी पिणे हा इलाज नव्हे. अंगावर सूज, रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या कितीतरी भगिनी दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला जागा नसते. भाजी विकणारी, धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा उचलणारी बाई घशाला कोरड पडली तरी घोट टाळते. वस्तीतील सार्वजनिक संडासाला रात्री दिवा नसतो, आतून कडी नसते. "पाणी पी" म्हणणे सोपे आहे. रात्री तिच्यासोबत संडासापर्यंत कोण जाणार, हे घराने ठरवावे. संडासाला दिवा आणि कडी बसवून घेणे हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे.

आकड्याइतकीच महत्त्वाची आहे बाळाची हालचाल. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर शांत पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत. कमी वाटल्या किंवा नेहमीपेक्षा बाळ मंद वाटले तर सकाळची वाट पाहू नका. कपडा ओला होईल असे पाणी गेले, ते हिरवट किंवा तपकिरी दिसले, रक्त गेले, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी ताबडतोब दवाखाना गाठा. १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी बोलवा.

दवाखान्यात गेल्यावर मुकाट बसू नका. विचारा: आकडा किती? बाळाचे वजन वाढते आहे का? डॉप्लर तपासणीत वारेचा रक्तपुरवठा कसा आहे? बाळाचे ठोके ठीक आहेत का? किती आठवडे भरले? शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवलेली असली तर हा हिशेब चुकत नाही. पाणी कमी म्हणजे सिझरच, असे नाही. दिवस भरले असतील आणि ठोके चांगले असतील तर औषधाने कळा आणून, ठोक्यांवर लक्ष ठेवून बाळंतपण करता येते. सवड असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. पण ठोके बिघडले असे सांगितले तर सहीसाठी नातेवाइकांची वाट पाहू नका.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, सोनोग्राफी, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत मिळण्याचा हक्क २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने दिला आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारा. सावकाराकडे जाण्याआधी हा हक्क वापरा.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी आणि नंतर कामकरी स्त्रीला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते. पुढे कायदे झाले. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणाऱ्या आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईपर्यंत ती रजा पोहोचलेली नाही. तिला विसावा देणे आज तरी घराच्याच हाती आहे.

म्हणून बांधवांनो, नवव्या महिन्यात पाण्याचा हंडा आपण भरावा. तपासणीला सोबत जावे, कागद सांभाळावे, शंभर-दोनशे रुपये बाजूला ठेवावे. आणि बाळ फिरते का, हे रोज रात्री तिला विचारावे.