हिरवं चित्र आणि मामाची ट्रॉली

मागच्या गळीत हंगामात मामाच्या ट्रॉलीचा ड्रॉबार तुटला. नेवाशाच्या अलीकडे, रात्री, उसाने गच्च भरलेली असताना. मागची ट्रॉली सुटून कलंडली, मोटारसायकलवरची दोन पोरं थोडक्यात वाचली. गावाने निदान लगेच केलं, "वेल्डिंग कच्चं." वेल्डर बिचारा अजून शिव्या खातोय.

मी शिकलो मेकॅनिकल, पोट भरतो कोडवर. सिम्युलेशनचे रिपोर्ट आपोआप तयार करणाऱ्या स्क्रिप्ट लिहितो. तेव्हा हे भांडण घरातलंच समजा.

तुटलेला तुकडा मी पाहिला. ओढ्याचं पाणी ओसरताना काठावर रेघा राहतात ना, तशा वेल्डच्या कडेपासून निघालेल्या रेघा, आणि शेवटी थोडासाच खरबरीत भाग. म्हणजे तडा कित्येक दिवस वाढत होता; त्या रात्री फक्त उरलंसुरलं लोखंड गेलं. यालाच फटीग म्हणतात. एका दणक्यात न मोडणारं लोखंड लाखो छोट्या हिसक्यांनी मोडतं, हे जर्मनीच्या ऑगस्ट व्होलरने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकातच दाखवलंय.

मग आमच्या रिपोर्टांत काय असतं? कागदावरचं वजन, एकसारखा लोड, खड्डे गायब. चित्र हिरवंगार, आयुष्य 'अनंत'! वेल्डचा ढोबळ हिशोब असा की ताण सव्वापट झाला तर आयुष्य निम्म्यावर येतं, दुप्पट झाला तर आठव्या हिश्शावर. तरी आम्ही मेश बारीक करण्यात चार दिवस घालवतो आणि लोड पाच मिनिटांत गृहीत धरतो. वेडेवाकडे हिसके मोजायची रेनफ्लो पद्धत जपानच्या मात्सुइशी आणि एंडो यांनी १९६८ मध्येच दिली. सॉफ्टवेअरमध्ये तिचं बटण आहे. पण ते दाबायला आधी रस्त्यावर काहीतरी मोजलेलं हवं ना...

"मालकच ओव्हरलोड करतात, त्याला डिझाइनवाला काय करणार?" हे उत्तर मला ऑफिसात मिळालं. अहो, वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, कोण कमी भरेल? सगळ्या जिल्ह्याला माहीत असलेला लोड फक्त डिझाइनवाल्यालाच माहीत नसावा, हे कसं?

आणि वजन शोधायला लांब जायला नको. प्रत्येक ट्रॉली भरलेली आणि रिकामी कारखान्याच्या काट्यावर चढते. तारीख, वेळ, वजन, सगळं नोंदलं जातं, कारण उसाचं बिल त्यावर निघतं. ती नोंद डिझाइनसाठी कुणी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. खड्ड्यांसाठी ड्रॉबारला चार स्ट्रेन गेज चिकटवून आठवडाभर खेपा मारल्या तरी पुष्कळ कळेल. नगरमध्येच डीआरडीओची व्हीआरडीई आहे, तिथे सैन्याच्या गाड्या ट्रॅकवर पळवून तपासतात. उसाच्या ट्रॉलीमागून तर आपण सगळेच जातो!

मामाने तुटल्या जागी दोन जाड पट्ट्या मारून घेतल्यात. "आता टिकंल का रे?" मला सांगता येईना. पट्टीच्या टोकाला नवा वेल्ड, म्हणजे तडा जायला नवी जागा. एवढंच म्हणालो, "मामा, काट्याच्या पावत्या फेकू नका. पुढच्या शनिवारी येतोय, सगळ्या लागतील."