कविता टाकाऊ असेल, पुस्तक नाही

माझ्याकडे एक छप्पन्न पानी कवितासंग्रह आहे आणि त्यातली एकही कविता मला आवडत नाही. 'देवा' आला की पुढच्या ओळीत 'मेवा' येणारच. मात्रा कमी पडली की कवी खुशाल 'बा' नाहीतर 'रे' घालून मोकळा होतो. तरी पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने त्याचा भाव विचारला, तेव्हा विकायचे नाही असे मी त्याला सांगून टाकले. चाकूरच्या भागात आयुष्यभर ग्रंथपालकी केलेल्या बाईचा हट्ट म्हणा हवे तर.

पुस्तकाच्या मागे छापले आहे, 'किंमत १२ आणे हाली'. आमच्या आजोबांच्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नसे. हाली म्हणजे निजामाचे नाणे, इंग्रजांचे ते कलदार. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. आत साल आहे फसली १३५६. त्यात ५९० मिळवले की १९४६-४७ येते. म्हणजे लातुरात वकिली करणारा कासीम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला, तो सुमार. कवी खेड्यातले मास्तर. दरबारचा कागद उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत, आणि हा गृहस्थ मराठीत श्लोक जुळवून ते पदरच्या पैशाने छापून घेतो. नाव इथे देत नाही. 'लोक हसतील, नाव नका छापू,' असे त्यांचा नातू म्हणाला.

माझा जीव अडकला आहे तो शेवटच्या चार पानांत. तिथे आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांची यादी आहे. चाकूर, नळेगाव, वडवळ, जानवळ, चापोली, पार उदगीर-अहमदपूरपर्यंतची नावे. पटवारी आहेत, आडते आहेत, एक देशमुखीणबाई आहेत आणि एक मौलवीसाहेबही आहेत. याच रझवीच्या रझाकारांच्या दहशतीच्या तोंडावर एका मौलवीने मराठी कवितेसाठी आठ आणे मोजले, ही गोष्ट मला कुठल्याही गॅझेटिअरने सांगितलेली नाही. व्यापाऱ्याला त्या यादीशी देणेघेणे नव्हते. त्याचे प्रश्न तीनच: कव्हर शाबूत आहे का, छपाई हैदराबादची का, आणि कसर लागली आहे का?

बाजाराचा मी राग धरत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा विल्यम मॅकगोनागल हा विणकर इतकी वाईट कविता करायचा की श्रोते त्याच्यावर हाताला येईल ते फेकत. २००८ साली एडिनबरात त्याच्या ३५ कवितांच्या छापील पत्रकांचा लिलाव झाला आणि ६,६०० पौंड आले, त्या वेळचे जवळपास साडेपाच लाख रुपये. १८७९ च्या डिसेंबरात टे नदीवरचा रेल्वे पूल गाडीसकट कोसळला. तो अपघात आज जगभर अनेकांना ठाऊक आहे तो इंजिनिअरांच्या अहवालामुळे नव्हे, या माणसाच्या भिकार कवितेमुळे.

आपल्याकडे असे पत्रक उरलेच नसते, कारण ते आपण निर्लेखित केले असते. अनुदानित वाचनालयांत जागा नसते आणि तपासणी जवळ आली की देवघेवीचे रजिस्टर उघडतात. जे पुस्तक वर्षानुवर्षे कुणी नेले नाही ते आधी निघते. स्थानिक कवीचा संग्रह कुणीच नेलेला नसतो. तो विकतही घेतलेला नसतो. कवीने स्वतः येऊन, सही करून, चहा पिऊन भेट दिलेला असतो. मग तो रद्दीत. कुसुमाग्रजांची प्रत फाटली तर नवी येते. या मास्तरांची कुठून आणणार? दुर्मीळ पुस्तक आपण काढतो आणि सहज मिळणारे जपतो, हा व्यवहार मला कधीच पटला नाही आणि मी तो बैठकीत बोलूनही दाखवला आहे.

कायदा आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाची प्रत स्वतःच्या खर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी काही ठिकाणी पाठवायची असते. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. पण लातूरच्या एखाद्या प्रेसमध्ये पाचशे प्रती छापून लग्नाच्या आहेरात वाटणाऱ्या कवीला आपण 'प्रकाशक' आहोत हेच माहीत नसते. निजामाच्या काळातल्या पुस्तकांना तर हा कायदा लागूच नव्हता. शंकर गणेश दात्यांनी 'मराठी ग्रंथसूची' केली, १८०० पासून १९५० पर्यंतची, दोन भागांत. मी ती आदराने हाताळते. पण एक माणूस किती गावांच्या माळवदांवर चढणार?

आणि हौशी कुणाला म्हणायचे? कवी बी. रघुनाथ परभणीला बांधकाम खात्यात नोकरी करायचे. 'आलाप आणि विलाप' हा त्यांचा संग्रह १९४१ चा. वयाच्या चाळिशीत, १९५३ साली ते गेले. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' आला तो १९५५ मध्ये, त्यांच्या माघारी. दत्त कवी तर चोविसाव्या वर्षीच गेले, १८९९ साली. आपण सगळ्यांनी बालपणी म्हटलेले बाहुलीचे गाणे त्यांचे. त्यांची कविता पुस्तकात आली ती मुलगा वि. द. घाटे मोठा झाला, लिहिता झाला म्हणून, १९२२ मध्ये. मुलगा लिहिता नसता तर? फाइली हातावेगळ्या करून रात्री कविता लिहिणाऱ्या कारकुनांतला बी. रघुनाथ कोणता, हे आधी कळत नाही. म्हणून सगळेच ठेवावे लागतात. अर्थात बहुतेक मास्तरच निघतील, बी. रघुनाथ नव्हे. माझी त्यालाही तयारी आहे.

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ च्या हिवाळ्यापासून पुढची काही वर्षे, आमच्याकडे असल्या पातळ पुस्तकांची रांग लागली होती. शिक्षकांची, ग्रामसेवकांची, एका कंपाउंडरचे. काव्य म्हणून बेताचीच. पण माळवद कसे खाली आले, बळदातली ज्वारी ढिगाऱ्यातून कशी उपसली, पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पाऊस कसा वाजला, हे त्यांत आहे. 'बळद' हा शब्द आज माझ्या नातीला कळत नाही. तिच्या पिढीने त्या घरांबद्दल वाचायचे ठरवले तर सरकारी पुनर्वसनाचे आकडे सापडतील. घर सापडेल ते या कवितांतच. त्यांतल्या किती आज वाचनालयांत असतील, याची मला धास्ती वाटते.

सरकारकडे नवे भवन वगैरे मागत नाही. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी एक प्रश्न विचारायची सक्ती करा: हे पुस्तक आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे आहे का? असेल तर एक प्रत जिल्हा ग्रंथालयात जाईल, फाटकी असली तरी. आणि २७ फेब्रुवारीला शाळांतून मराठी भाषा गौरव दिन होतो, त्या आधी आठवडाभर मुलांना सांगा की घरात, आजोळी असे पुस्तक असेल तर दाखवायला आणा. गुरुजींनी मोबाइलवर चार फोटो घ्यावेत: मुखपृष्ठ, मुद्रकाचे नाव असलेले पान, अर्पणपत्रिका आणि वर्गणीदारांची यादी. सगळे पुस्तक इंटरनेटवर टाकायची घाई नको. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क घरच्यांचा असतो, त्यांना विचारावे लागते. फोटोखाली गावाचे नाव आणि घरमालकाचा पत्ता वहीत लिहून ठेवावा आणि पुस्तक त्याच दिवशी मुलाच्या दप्तरात परत द्यावे, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी आणणार नाही.