झाडांनाही पहारा हवा

पावसाळ्यात आपण शिस्तीत रोपे लावतो, छायाचित्रे काढतो. पण मे महिन्यात, शाळा रिकामी असताना, त्यांना पाणी कोण घालणार?

पुण्याच्या कॅम्प भागाजवळची सुमारे ३९ एकरांची एम्प्रेस गार्डन पूर्वी सैनिकांची बाग म्हणून ओळखली जाई. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ती सांभाळते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला गर्दी लोटते. पण संस्थेची खरी सेवा उरलेल्या अकरा महिन्यांत आहे, असे मला वाटते. तिथला गारंबीचा अजस्र वेल एका दिवसाच्या वृक्षारोपणातून उभा राहिलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो राखला गेला. बागेच्या जागेवर सरकारी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा पुणेकरांनी विरोध केला, तोही याच जिव्हाळ्यापोटी.

चौकी जिंकणे मोठे, तसेच ती राखणेही. म्हणून यंदा प्रत्येक हाउसने शंभर नव्हे, दहाच रोपे लावावीत. सुट्टीतल्या पाण्याची पाळी आधीच ठरवावी आणि वर्षअखेरीस जगलेली रोपे मोजून पुढच्या तुकडीच्या ताब्यात द्यावीत. बक्षीस द्यायचे तर लावलेल्या रोपांना नको, जगलेल्या रोपांना द्या.