नस पुन्हा जोडताना

एका भाईंनी विचारले आहे: ११ वर्षांपूर्वी नसबंदी केली, पहिल्या पत्नीच्या इंतकालानंतर दुसरा निकाह झाला, आता मूल हवे आहे. नस पुन्हा जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये काय होते, आणि निकाल कधी कळतो?

भाई, आधी पत्नीची तपासणी करून घ्या. तिचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर हे फार महत्त्वाचे, कारण जोडणीनंतर बरेच महिने वाट पाहावी लागते.

ऑपरेशन भूल देऊन करतात आणि ते साधारण दोन ते चार तास चालते. अंडकोशाच्या पिशवीवर लहान छेद घेतात आणि नसेची कापलेली टोके सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने जोडतात. पण जोडण्याआधी सर्जन वृषणाकडच्या टोकातून येणारा द्राव तपासतो. तो पातळ असेल, त्यात शुक्राणू दिसले तर काम सोपे. दाट असेल आणि शुक्राणू नसतील, तर वृषणालगतच्या गुंडाळलेल्या नळीतही अडथळा झालेला असतो. मग नस थेट त्या नळीला जोडावी लागते. हे फार नाजूक काम आहे, सगळ्यांना जमत नाही. "वेळ पडली तर ही जोडणी तुम्ही करता का?" असे सर्जनला आधीच विचारा. लाजायचे कारण नाही.

घरी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. थोडी सूज आणि निळसरपणा येतोच. कापडात गुंडाळलेला बर्फ दोन दिवस अधूनमधून लावावा, लंगोटासारखा आधार काही आठवडे वापरावा. जड उचलणे आणि मोटारसायकल साधारण महिनाभर बंद. संबंध कधी सुरू करायचे ते डॉक्टर सांगतील. सहसा दोन ते चार आठवडे थांबावे लागते. रुकू-सजद्यात दुखत असेल तर काही दिवस बसून नमाज पढा, आणि गुसलसाठी जखमेवर पाणी केव्हा चालेल हे विचारून घ्या. ताप, पू किंवा वाढत जाणारी सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टाके सुकले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. वीर्य डोळ्यांना आधीसारखेच दिसते. शुक्राणू आले की नाही हे फक्त प्रयोगशाळा सांगते. पहिली तपासणी दीड ते तीन महिन्यांनी होते, आणि काहींना सहा महिने, वर्षही लागते. तोवर घरातल्या बायकांनी सुनेला "काही आहे का?" विचारणे बंद ठेवलेले बरे.

अमेरिकेतील १९९१ च्या एका मोठ्या अभ्यासात नसबंदीला ३ वर्षेही न झालेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परतले, ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. ९ ते १४ वर्षे झालेल्यांत हेच आकडे ७९ आणि ४४. तुम्ही या दुसऱ्या गटात येता. ऑपरेशनच्या वेळीच शुक्राणू काढून गोठवता येतात, पुढे टेस्ट ट्यूबच्या उपचारासाठी ते उपयोगी पडतात. ती सोय तिथे आहे का, हे तारीख घेण्याआधी विचारा.