आजऱ्याचे अंदाजपत्रक : मागावयाचे काय व पुसावयाचे काय

निवडणुकीचा गुलाल धुऊन निघाला म्हणजे लोकांचे काम संपले व सभासदांचे सुरू झाले, अशी एक समजूत आपल्या गावोगावी रूढ आहे. ही समजूत जितकी सोयीची तितकीच घातक होय. आजऱ्याच्या नगरपंचायतीची दुसरी सार्वत्रिक निवडणूक राज्यातील इतर नगरपरिषदा व नगरपंचायतींबरोबर 2025 च्या डिसेंबरात पार पडली, 21 तारखेस मतमोजणी झाली, आणि पुष्कळ काळ सुने राहिलेले सभागृह पुन्हा लोकनियुक्त माणसांनी भरले. याबद्दल आजरेकरांचे अभिनंदन करावयाचे ते आम्ही करतोच. परंतु कोणाचा पक्ष आला व कोणाचा गेला, या चर्चेत आम्हांस फारसे स्वारस्य नाही. नगरपंचायतीची खरी परीक्षा मतपेटीत होत नाही. ती तिच्या अंदाजपत्रकात होते. म्हणून त्या अंदाजपत्रकाविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम मागील हिशेब पाहू. आजरा नगरपंचायतीची पहिली निवडणूक 2018 च्या एप्रिल महिन्यात झाली. राज्यघटनेची 74 वी दुरुस्ती 1 जून 1993 पासून अंमलात आली, व तिने अशा संस्थेस पाच वर्षांची मुदत दिली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे, असेही स्पष्ट शब्दांत सांगितले. या हिशेबाने 2023 मध्ये दुसरे सभागृह बसावयास हवे होते. ते बसले नाही. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, राज्यातील शेकडो स्थानिक संस्था प्रशासकांच्या हाती गेल्या, आणि अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याविषयी आज्ञा करावी लागली. ती आज्ञा झाल्यावरही मुदत वाढवून घ्यावी लागली, ती गोष्ट वेगळीच. प्रशासक सज्जन असेल, कार्यक्षम असेल. परंतु त्यास जाब विचारण्याचा अधिकार गावास नसतो. दोन अडीच वर्षे आजऱ्याचा पैसा आजऱ्याने निवडलेल्या एकाही माणसाच्या संमतीवाचून खर्च झाला, आणि तरीही गावात त्याची हळहळ कोणास फारशी वाटली नाही, ही आमच्या मते सर्वांत चिंतेची गोष्ट आहे. परकीय सत्तेने आमच्यावर न विचारता कर बसविले तेव्हा आम्ही रागावलो. आपल्याच राज्यात न विचारता खर्च झाला तर आम्ही जांभई द्यावी काय?

कोणी म्हणेल, नगरपंचायत ती काय आणि तिचे अंदाजपत्रक ते काय! त्यांस आम्ही एका गोष्टीचे स्मरण देतो. ग्रामपंचायत असताना गावास ग्रामसभा होती. तीत शेतमजुरापासून सावकारापर्यंत कोणासही उभे राहून अमुक पैसा कोठे गेला म्हणून पुसता येत असे. ते पुसणे किती वेळा झाले, हा प्रश्न निराळा. परंतु अधिकार होता. गाव शहर ठरले त्या दिवशी ग्रामसभा गेली. नगरपंचायतीच्या सभेत बोलण्याचा अधिकार फक्त सभासदांचा. बांधकामाच्या परवानगीचे नियम शहरी झाले, कराची आकारणी शहरी झाली, नाव शहरी झाले. परंतु ग्रामसभेच्या जागी नागरिकाचे म्हणणे ऐकणारी दुसरी कोणतीही बैठक आजऱ्याच्या पदरात पडली नाही. पदोन्नती मिळून वेतन घटावे, तसा हा प्रकार आहे. ही उणीव भरून काढण्यास नवा कायदा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सभागृहाने मनावर घेतले तर अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी त्याचे जाहीर वाचन प्रत्येक प्रभागात करण्यास कोणता कायदा आड येतो? आमच्या माहितीत तरी येत नाही.

उलट कायदा साह्यच करतो. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक संस्थेवर आपले अंदाजपत्रक, योजनांचे तपशील व खर्चाचे अहवाल कोणी न मागता आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे नागरिकाने अर्ज करावा, दहा रुपये भरावे व महिनाभर वाट पाहावी, ही वेळच येऊ नये असा कायद्याचा हेतू आहे. अंदाजपत्रक संगणकाच्या कोणत्या तरी कोपऱ्यात चढविले म्हणजे हे बंधन पाळले गेले, असे आम्ही समजत नाही. ते बाजारपेठेतील फलकावर, वाचनालयाच्या मेजावर, व सामान्य माणसास कळेल अशा मराठीत लागले पाहिजे.

आता जमेची बाजू. आमच्या व्यापारी बंधूंस जकातीचे दिवस आठवत असतील. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये उठली, महापालिकांतील स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला, आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराने उरलेसुरले सर्व पोटात घेतले. नाक्यावरची अडवणूक गेली हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर एक गोष्ट घडली तिकडे थोड्यांचे लक्ष गेले. गावातील उलाढाल वाढली तर तिच्याबरोबर वाढणारे असे गावाच्या तिजोरीचे स्वतःचे साधन उरले नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजारातील शुल्क, एवढीच काय ती आपली कमाई. बाकी सर्व मुंबईहून किंवा दिल्लीहून येणाऱ्या अनुदानावर. आणि अनुदान देणारा आपल्या मर्जीच्या कामास देतो, हे सांगावयास नको.

केंद्रीय अनुदानाचेच उदाहरण घ्या. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांकरिता लहान शहरांस जे अनुदान ठरविले, त्याच्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी तीस रुपये पिण्याच्या पाण्यास व जलसंधारणास, तीस रुपये स्वच्छता व घनकचऱ्यास बांधून दिले होते. उरलेले चाळीस स्थानिक गरजेप्रमाणे खर्चावयाचे. परंतु त्यांतूनही नोकरांचे पगार व आस्थापनेचा खर्च करण्यास मनाई. शिवाय हिशेब तपासून प्रसिद्ध केल्यावाचून अनुदानाचे दार उघडणार नाही, अशी अट. आम्हांस ही अट जाचक वाटत नाही, उचितच वाटते. परंतु यावरून एक सिद्धांत निघतो तो प्रत्येक करदात्याने ध्यानात धरावा : बांधण्यास पैसा बाहेरून मिळतो, बांधलेले चालविण्यास पैसा गावानेच उभा करावा लागतो.

सारा रोग येथेच आहे. नवी पाण्याची टाकी उभी राहिली की तिच्यासमोर छायाचित्रे निघतात. त्या टाकीत पाणी चढविणाऱ्या पंपाचे विजेचे बिल दरमहा येते, झडपा फुटतात, वाहिन्या गळतात, पाणी सोडणाऱ्या माणसास पगार द्यावा लागतो. त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. कमान बांधली, चौक सुशोभित केला, गल्लीत सिमेंटच्या विटा बसविल्या. आणि पावसाळ्यात त्या विटांखालून पाणी वाट काढू लागले, तेव्हा गटाराचा विचार झाला. आजऱ्यासारख्या सह्याद्रीच्या कुशीतील गावात पाऊस पाहुणा म्हणून येत नाही, तो चार महिने मुक्कामास येतो. तेथे गटार आधी व रस्ता मागाहून, हा नियम शाळकरी मुलासही सांगावा लागू नये. त्यात संकेश्वराहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली या वाटेने बांद्यास जाणारा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. महामार्ग रुंद झाला म्हणजे त्यावर पडणारे पाणीही अधिक होते, व ते उतारावरील घरांकडेच धावते. रस्ता दिल्लीचा व गटार गावाचे, अशी वाटणी झाली तर मधल्या मध्ये पाणी मात्र गरिबाच्या उंबऱ्यात शिरते. या पाण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवून घेणे हे नव्या सभागृहाचे पहिले काम असावे.

दुसरी गोष्ट हिरण्यकेशीची. रामतीर्थावर जाऊन आपण तिच्या पाण्यास हात जोडतो, आणि गावातले सांडपाणी शेवटी कोठे मिळते याची चौकशी करीत नाही. तेच पाणी पुढे गडहिंग्लजकडे वाहत जाते व घटप्रभेस मिळते. नदीस माता म्हणावयाचे आणि तिच्या पोटात घाण सोडावयाची, हा धर्म नव्हे, ढोंग आहे. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन 2016 च्या नियमांनी घातले. तो नियम पाळण्यास नगरपंचायतीस पैसा लागत नाही. आपल्या घरातील दोन डबे लागतात. येथे दोष केवळ सभासदांवर टाकून आम्हांस मोकळे होता येणार नाही.

अंदाजपत्रकात प्रथम कशास मान द्यावा, हा वाद काही नवा नाही. महात्मा जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. नव्या मंडईची मोठी इमारत बांधण्यासही त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे. त्यांचा पराभव झाला, मंडई 1886 मध्ये उघडली, आणि पुढे त्याच इमारतीस लोकांनी फुल्यांचेच नाव दिले! आजऱ्याच्या सभागृहात अशा प्रसंगी एकटा उभा राहणारा सभासद निघेल काय, एवढेच आम्ही पाहू. इमारतीस नाव देण्याची घाई कोणी करू नये.

आता आमच्या व्यापारी वाचकांस थोडे कडू सांगणे प्राप्त आहे. घनसाळ तांदळास 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आजऱ्याचे नाव दूरवर गेले, याचा अभिमान आम्हांसही आहे. तो तांदूळ विकत घेताना आमचा व्यापारी मूठभर हातावर घेतो, फुंकर मारतो, वास घेतो, खडा दिसला तर भाव पाडतो. हीच चिकित्सा तो नगरपंचायतीच्या हिशेबास का लावीत नाही? उत्तर सोपे आहे. घरपट्टी थकविलेल्या माणसाचा आवाज सभागृहाच्या पायरीवरच बसतो. गाळ्याचे भाडे वर्षानुवर्षे जुन्या दराने द्यावयाचे, आकारणी वाढली की पुढाऱ्याकडे धाव घ्यावयाची, आणि मग रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून ओरड करावयाची. अशाने कोणाची भीड कोण बाळगणार? आकारणी अन्यायाची वाटली तर हरकत घेण्याचा व सुनावणी मागण्याचा मार्ग कायद्याने ठेविला आहे. त्या मार्गाने जावे. परंतु थकबाकी हे निषेधाचे शस्त्र नव्हे. ते मौनाचे भाडे आहे.

याच न्यायाने रस्त्याकाठी टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचाही विचार झाला पाहिजे. तिच्यामुळे बाजार अडतो अशी दुकानदारांची तक्रार असते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने या तक्रारीवर उपाय सांगितला आहे : पाहणी करावी, जागा ठरवाव्या, व नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांतही एक तृतीयांश स्त्रिया. टोपली उचलून फेकणे सोपे आहे. तिला जागा व पावती देणे हेच शहरपणाचे लक्षण.

विरोधी पक्षाचे म्हणणेही ऐकू. काही अनुभवी गृहस्थ म्हणतात की, अंदाजपत्रक चव्हाट्यावर आणले तर जो तो आपल्या गल्लीपुरते मागेल व कामे अडतील. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु आज गुप्तपणे ठरते तेव्हा तरी गल्लीपुरतेच ठरत नाही काय? फरक इतकाच की, तेव्हा जोरकस माणसाची गल्ली जिंकते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने 1989 पासून नागरिकांस अंदाजपत्रकात प्रत्यक्ष वाटा दिला; आपल्या पुण्यानेही 2006 पासून प्रभागातील कामांकरिता नागरिकांच्या सूचना मागविण्यास आरंभ केला. पुण्याचा प्रयोग निर्दोष नाही. तथापि लाखोंच्या वस्तीस जे करून पाहता आले, ते सतरा प्रभागांच्या आजऱ्यास अवघड असे मानण्यास आम्ही तयार नाही. येथे सभासदास मतदार नावाने ओळखतो, आणि मतदारास सभासदाचे घर ठाऊक असते.

तेव्हा आमची सूचना थोडक्यात अशी. प्रत्येक नव्या कामापुढे ते चालविण्याचा वार्षिक खर्च किती व तो कोठून येणार, हे अंदाजपत्रकात लिहावे. ज्या कामापुढे हा रकाना कोरा, ते काम थांबवावे. कोणत्या प्रभागात किती खर्च होणार, हे निराळे दाखवावे. मागील वर्षी ठरविलेले काय झाले व काय राहिले, याचा तक्ता जोडावा. त्यात प्रशासकांच्या काळाचाही हिशेब यावा, कोणास दोष देण्याकरिता नव्हे, तर पुढील वाट सरळ दिसावी म्हणून. आणि थकबाकीदारांची यादी लावावयाची असेल तर सभासदांच्या नावांपासून आरंभ करावा.

लॉर्ड रिपन यांनी 1882 मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा कारभार लगेच सुधारेल अशी आशा त्यांनी मुख्यतः धरली नव्हती; लोकांस राजकीय शिक्षण मिळावे हा हेतू त्यांनी पुढे ठेविला होता. परकीयाने दिलेली ती शाळा आपण 1947 मध्ये आपल्या मालकीची केली. शाळा आपली झाली, म्हणून अभ्यास सुटला असे होत नाही. येत्या सभेपूर्वी आजऱ्याच्या प्रत्येक सुजाण गृहस्थाने व गृहिणीने नगरपंचायतीत जाऊन अंदाजपत्रकाची प्रत मागावी व आपल्या प्रभागापुढील आकडा वाचावा. आकडा समजला नाही तर पुसावे. समजला व पटला नाही तर लेखी हरकत द्यावी. स्वराज्याचा हक्क मोठ्या सभांतून मिळविता येतो. परंतु तो राखावयाचा तर असा एकेक आकडा पुसूनच राखावा लागतो.