थांबण्याचें धैर्य

मोटारींच्या शर्यतीचा विषय शाळेच्या वार्षिकांत कशास पाहिजे, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस ह्या खेळाचें किती वेड आहे हें आम्ही जाणतों. आणि ज्याचें वेड असतें त्याच्याच द्वारें कांहीं शिकविणें सोपें जातें. म्हणून एक जुनी धंदेवाईक शर्यत आम्ही येथें विचारास घेतों.

सन १९७६ सालीं जगज्जेतेपदासाठीं ऑस्ट्रियाचा निकी लाउडा व इंग्लंडचा जेम्स हंट ह्यांच्यामध्यें चुरस लागली होती. १ ऑगस्ट रोजीं जर्मनींतील न्यूरबर्गरिंग येथें शर्यत झाली, तेव्हां मार्ग पावसानें भिजलेला होता व झपाट्यानें सुकतही होता. अशा चंचल हवेंत चालकापुढें मोठा पेच असतो. पावसाळी टायरांस खोल खांचा असतात, त्यांतून पाणी बाहेर फेकलें जातें. पण सुक्या मार्गावर तेच टायर तापून झिजतात. गुळगुळीत टायर सुक्या मार्गास घट्ट धरतात, परंतु सांचलेल्या पाण्यावर ते तरंगूं लागतात, आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. लाउडानें पहिल्या फेरीअखेर टायर बदलले. दुसऱ्या फेरींत त्याची गाडी बांधावर आदळून पेटली. अपघाताचें कारण निर्विवादपणें कधींच ठरलें नाहीं. परंतु त्याचा चेहरा भाजला व विषारी धुरानें फुप्फुसें होरपळलीं. तरी अवघ्या सहा आठवड्यांनीं, १२ सप्टेंबर रोजीं, इटलींत मोंझा येथें तो पुनः गाडींत बसला आणि चौथा आला. अशा मनुष्यास भित्रा म्हणण्याचें धाडस कोण करील?

वर्षाची अखेरची शर्यत २४ ऑक्टोबर रोजीं जपानांत फूजी येथें होती. लाउडाचे ६८ गुण, हंटचे ६५. त्या दिवशीं मुसळधार पाऊस व धुकें ह्यांमुळें आरंभ लांबणीवर पडला. अखेर शर्यत सुरू झाली. पुढच्या गाडीच्या चाकांनीं उडविलेल्या तुषारांत मागील चालकास कांहींच दिसेना. लाउडानें दोन फेऱ्या केल्या, गाडी बाजूस घेतली आणि तो खालीं उतरला. एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पाचे व लॅरी पर्किन्स हेही त्या दिवशीं असेच स्वेच्छेनें थांबले.

पुढें पाऊस ओसरला व मार्ग सुकूं लागला. ७३ फेऱ्यांपैकीं शेवटच्या थोड्या उरल्या असतां हंटचा टायर निकामी झाला. तो बदलून तो पांचवा बाहेर पडला आणि दोघांस मागें टाकून तिसरा आला. त्याचे ६९ गुण झाले. लाउडाचें जगज्जेतेपद केवळ १ गुणानें हुकलें.

यावर पुष्कळ जण म्हणतात, ‘पाऊस तर थांबलाच, थोडें थांबून संथ चालविली असती तर!’ आमच्या मतें ही पारखच चुकीची आहे. निर्णयाचें मोल मागाहून लागलेल्या फळावरून ठरवूं नये. निर्णयाच्या क्षणीं मनुष्यापुढें जें होतें त्यावरून ठरवावें. त्या क्षणीं लाउडापुढें पाण्याची भिंत होती, आणि भाजलेल्या पापण्या नीट मिटत नव्हत्या. हंटलाही आम्ही दोष देत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहून ठरविलें.

परंतु आम्हांस ह्याहूनही मोठी वाटते ती पुढची गोष्ट. फेरारी संघाचे प्रमुख अभियंते मौरो फोर्गिएरी ह्यांनीं त्यास सुचविलें कीं, इंजिन बिघडलें असें आपण सांगूं. लाउडानें तें नाकारलें. आपण स्वतः होऊन थांबलों हें त्यानें उघड सांगितलें. गाडी थांबविण्यास जें धैर्य लागलें, त्याहून अधिक धैर्य त्याचें खरें कारण सांगण्यास लागलें, असें आम्ही समजतों. पुढें १९७७ व १९८४ सालीं तो पुनः जगज्जेता झाला. १९८४ सालीं तर अवघ्या अर्ध्या गुणानें!

रत्नागिरीकरांस हा धडा परका वाटूं नये. मिरकरवाड्याच्या नौका जून व जुलै महिन्यांत बंदरांत उभ्या असतात. म्हणून आमच्या कोळी व खारवी बांधवांस कोणी भेकड म्हणत नाहीं. कोंकण रेल्वे पावसाळ्यांत निराळें वेळापत्रक लाविते व वेग कमी करिते. येथून जवळच्या पानवल नदीवरील उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजण्याचें यंत्र आहे; वारा बेफाम झाला कीं गाडी रोखतात. २२ जून १९०३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडीस झालेला भीषण अपघात ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांस उशिराची गाडी कंटाळवाणी वाटत नाहीं.

मग ऐन आषाढांत आंबा घाटाच्या वळणांवर मोटारसायकली भरधांव सोडणाऱ्या तरुणांस शूर कां म्हणावें? त्यांच्यांतला एखादा ‘मला पुढचें दिसत नव्हतें, म्हणून मी थांबलों’ असें म्हणाला, तर मित्रमंडळी हंसतात. ह्या हंसण्याच्या भयानेंच कित्येक जण थांबत नाहींत, अथवा थांबलेच तर पेट्रोल संपल्याची थाप मारितात. पावसाहून हें हंसें अधिक घातक होय.

विद्यार्थीबंधूंनो, थांबणाऱ्यास हंसूं नका. आणि तुमच्यावर तशी वेळ आली तर थांबा, व कां थांबलां तें खरें सांगा. घाटाखालीं घरीं तुमची वाट पाहणारें माणूस गुण मोजीत बसलेलें नसतें.